मनाली–लेह : वळणावळणांच्या वाटेने शीत वाळवंटात

हिमाचल प्रदेशातील मनाली आणि लडाखमधील लेह यांना जोडणारा सुमारे 428 किलोमीटरांचा महामार्ग हा भारतातील मोटारसायकलस्वारांच्या सामूहिक सफरींचा एक अतिशय परिचित मार्ग आहे. दरवर्षी उन्हाळा सरता सरता देशाच्या नाना भागांतून स्वारांचे ताफे या वाटेने निघतात. त्यांत गोव्यातील ताफेही असतात. देवदारांच्या छायेतून निघालेला हा रस्ता चार मोठ्या खिंडी ओलांडून, झाडाचे नावही नसलेल्या शीत वाळवंटात उतरतो. या मार्गाची ख्याती त्याच्या वळणांमुळे झाली. मात्र स्वाराची खरी कसोटी पाहते ती उंची, आणि ताफ्याची खरी कसोटी ठरते ती सर्वांत मागे राहिलेल्या सहकाऱ्याला सांभाळण्यात. मार्ग, त्यावरील धोके आणि ताफ्याने पाळावयाची शिस्त यांची माहिती येथे एकत्रित दिली आहे.

मार्गाचे स्वरूप

लडाख 1974 साली पर्यटकांसाठी खुला झाला. लेहला जाणारे रस्ते मुळात लष्करी गरजेतून घडले असून त्यांची देखभाल 1960 साली स्थापन झालेली सीमा रस्ते संघटना करते. 1999 च्या कारगिल संघर्षात श्रीनगर–लेह रस्ता तोफांच्या माऱ्याखाली आल्यानंतर मनालीकडील या पर्यायी मार्गाचे महत्त्व अधिकच वाढले.

पूर्वी मनाली सोडताच रोहतांग (3,978 मीटर) ही पहिली खिंड चढावी लागे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, अंतर 46 किलोमीटरांनी घटले आणि लाहौल खोरे काही मिनिटांच्या अंतरावर आले. त्यानंतर रस्ता चंद्रा नदीच्या काठाने तांदी येथे पोहोचतो. येथे चंद्रा आणि भागा यांचा संगम होऊन चंद्रभागा, म्हणजेच पुढची चिनाब, जन्म घेते. पंढरीच्या चंद्रभागेचे नाव ज्यांच्या ओठी आहे, त्या मराठी प्रवाशांची पावले या संगमावर थोडी रेंगाळतात. पुढे लाहौल-स्पितीचे जिल्हा मुख्यालय केलाँग, मग जिस्पा आणि दारचा. दारच्यानंतर कायम वस्तीचे गाव थेट लडाखमधील रुमत्से येईपर्यंत लागत नाही. मधल्या मुक्कामांवर दिसणारे तंबू आणि ढाबे केवळ मोसमापुरते असतात.

प्रमुख ठिकाणांची स्थूल उंची पुढीलप्रमाणे आहे. रस्त्यावरील फलकांवर यांपैकी काही आकडे थोडे निराळे आढळतात.

मनाली : 2,050 मीटर
जिस्पा : 3,200 मीटर
बारालाचा ला : 4,890 मीटर
सरचू : 4,290 मीटर
नकी ला : 4,740 मीटर
लाचुंग ला : 5,065 मीटर
पांग : 4,600 मीटर
तांगलांग ला : 5,328 मीटर
लेह : 3,500 मीटर

‘ला’ म्हणजे तिबेटी व लडाखी भाषांत खिंड. त्यामुळे ‘बारालाचा ला खिंड’ ही द्विरुक्ती होते.

हिरवाईकडून वाळवंटाकडे

गोव्यात वर्षाकाठी साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. लेहच्या वाट्याला जेमतेम शंभर मिलिमीटर येतो. दक्षिणेकडून येणारे मोसमी ढग हिमालयाच्या पहिल्या रांगांवरच रिते होतात आणि पलीकडचा प्रदेश पर्जन्यछायेत कोरडा राहतो. सह्याद्रीच्या पूर्वेला जे घडते, तेच येथे कित्येक पटींनी मोठ्या प्रमाणावर घडलेले दिसते. हा बदल मोटारसायकलवरून टप्प्याटप्प्याने अनुभवता येतो. बोगद्याच्या अलीकडे दाट देवदार आहेत. पलीकडे लाहौलमध्ये लावलेले विलो आणि पॉपलर, बटाट्याची व वाटाण्याची शेते. दारच्यानंतर खुरटे गवत. आणि बारालाच्यानंतर तांबूस, राखी, जांभळट छटांचे उघडे डोंगर. चंद्रा आणि भागा या दोन्ही नद्या बारालाचाच्याच परिसरात उगम पावतात. खिंडीच्या किंचित खाली भागेच्या उगमाशी असलेले सूरज ताल हे सरोवर उन्हाळ्यातही काही काळ गोठलेले असते.

सरचूचे विस्तीर्ण मैदान त्सारप नदीच्या काठी आहे. येथेच हिमाचल संपून लडाख सुरू होतो. पांगच्या चढानंतर सुमारे चाळीस किलोमीटरांचे मोरे पठार लागते. मराठी कानाला ओळखीचे वाटले तरी या नावाचा आडनावाशी संबंध नाही. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे सपाट, सरळ, वाऱ्याने झोडपलेली वाट असे याचे रूप आहे. पश्मिना देणाऱ्या शेळ्या राखणारे चांगपा पशुपालक आणि कियांग ही रानगाढवे या पठारावर दिसू शकतात. येथून वाट वाकडी करून त्सो कार या खाऱ्या सरोवराकडे जाता येते. तांगलांग ला ओलांडून उतरल्यावर रुमत्सेला पुन्हा शेते दिसू लागतात आणि उपशी येथे रस्ता सिंधू नदीला भेटतो.

गाटा लूप्स आणि घाटातील शिस्त

सरचूनंतर त्सारपचा काठ सोडून रस्ता नकी लाच्या दिशेने डोंगर चढू लागतो. एकावर एक रचलेल्या 21 तीव्र वळणांचा हा चढ ‘गाटा लूप्स’ म्हणून प्रसिद्ध आहे. थोडक्या अंतरात तो सुमारे साडेचारशे मीटर उंची गाठतो. वरून पाहिले असता मागचे स्वार खालच्या पदरांवर मुंग्यांसारखे सरकताना दिसतात.

चोर्ला किंवा अनमोड घाटात हात बसलेल्या स्वाराला वळणांचे भय वाटण्याचे कारण नाही. तरीही येथील वळणे निराळी आहेत. सह्याद्रीत धोका ओल्या डांबराचा आणि धुक्याचा असतो. येथे तो सुट्या खडीचा, धुळीचा आणि बर्फवितळीने उखडलेल्या रस्त्याचा असतो. त्यातच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचे असल्याने चढावरील डावे वळण अधिक आखूड आणि अधिक उभे पडते. त्यात शिरण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा, नजर पुढच्या चाकापाशी न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवावी आणि मध्येच क्लच दाबू नये. वळणाच्या आतल्या बाजूला गाडी बंद पडली तर सामानाने जड झालेली मोटारसायकल पायाने सावरत नाही, ती उताराच्या बाजूला कलंडते. समोरून ट्रक येत असेल तर वळणाच्या अलीकडेच थांबावे, कारण वळताना त्याला रस्त्याची पूर्ण रुंदी लागते. उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये. खालच्या गिअरचा अटकाव घेत उतरावे आणि खडीवर पुढचा ब्रेक हलकेच वापरावा. पदरांच्या मधून सरळ वर चढणाऱ्या चोरवाटा मोहात पाडतात. त्या टाळाव्यात, कारण तेथे घसरण्याचा धोका असतो आणि अशा वाटांमुळे डोंगराची माती सुटते.

या वळणांवर एक छोटेखानी स्मारक आहे आणि तेथे प्रवाशांनी वाहिलेल्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. ट्रकचालकांमध्ये प्रचलित असलेल्या कथेनुसार हिमवर्षावात बंद पडलेल्या ट्रकपाशी राखणीला राहिलेला एक क्लीनर, चालक मदत घेऊन परतण्यापूर्वीच थंडीने आणि तहानेने मरण पावला. पुढे त्याचा आत्मा येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागू लागला. ही लोककथा आहे. पण तिने सांगितलेले भय खरे आहे. या रस्त्यावर मागे राहिलेल्या माणसापर्यंत मदत पोहोचण्यास फार वेळ लागतो. रिकाम्या प्लास्टिकचा ढीग वाढवण्यापेक्षा ही आठवण ताफ्याच्या शिस्तीत जपणे अधिक उचित ठरेल.

ताफ्याची रचना

सामूहिक सफरीत सर्वांत पुढे मार्ग जाणणारा अनुभवी स्वार असतो आणि सर्वांत मागे तितकाच अनुभवी, दुरुस्तीचे ज्ञान असलेला स्वार. पुढचा वेग ठरवतो, तर मागचा कोणालाही मागे सोडत नाही. या दोघांच्या मधे नवख्या स्वारांना पुढच्या स्वाराच्या लगत ठेवावे. एरवी ते मागे पडत जातात आणि अंतर भरून काढण्यासाठी आपल्या कुवतीबाहेर गाडी हाकतात. सरळ डांबरी रस्त्यावर डावे-उजवे असे एकाआड एक चालणे ठीक. वळणांवर, खडीवर आणि धुळीत मात्र एकेरी रांग व मोठे अंतर हाच नियम आहे.

सर्वांत उपयुक्त नियम अगदी साधा आहे. प्रत्येकाने आपल्या मागच्या स्वाराचा दिवा आरशात पाहत राहावे. तो दिसेनासा झाला तर सुरक्षित जागी थांबावे. मागचा थांबला की त्याच्या पुढचा थांबतो, मग त्याच्याही पुढचा, आणि काही मिनिटांत हा निरोप शब्दावाचून पहिल्या स्वारापर्यंत पोहोचतो. या मार्गाच्या बहुतांश भागात मोबाइल चालत नसल्याने याहून भरवशाचे साधन नाही. मोठ्या ताफ्यासोबत सामान, सुटे भाग आणि आजारी स्वाराला बसवून नेण्यासाठी एक मदतगाडी असावी. मोटारसायकल चालवण्यास असमर्थ झालेल्या माणसाला नेण्याची सोय नसेल, तर आपले आजारपण लपवून पुढे जात राहण्याचा मोह त्याला होतो.

बर्फाच्या पाण्याचे ओढे सकाळी उथळ असतात. दुपारी ऊन तापून बर्फ वितळले की त्यांतील पाणी वाढते. नकी ला आणि लाचुंग ला यांच्या दरम्यान ‘व्हिस्की नाला’ अशा गमतीदार नावाचा ओढाही आहे. असे ओढे एकेकाने ओलांडावेत. आधीचा पलीकडे पोहोचल्याशिवाय दुसऱ्याने पाण्यात उतरू नये. पहाटे लवकर निघण्याचा आग्रह यासाठीच धरला जातो.

मोरे पठारावर धोक्याचे रूप पालटते. दिवसभर वळणे घेऊन दमलेल्या स्वाराला सरळ रस्ता दिसतो आणि वेग वाढतो. आडवा वारा, रस्त्यावर साचलेली वाळू आणि अचानक आडवे येणारे कळप यांमुळे येथे वेग आवरणे घाटाइतकेच गरजेचे आहे.

उंचीचा आजार : खरा धोका

तांगलांग लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा आणि लेहमध्ये सुमारे दोन तृतीयांश असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, पण दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू कमी होतो. शरीर याची सवय करून घेते, मात्र त्याला दिवस लागतात. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, थकवा आणि निद्रानाश ही सौम्य आजाराची लक्षणे होत. बसल्या जागी धाप लागणे व सततचा खोकला हे फुप्फुसांत पाणी साठल्याचे, तर तोल जाणे, असंबद्ध बोलणे व ग्लानी हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असू शकते. या शेवटच्या दोन्ही अवस्था प्राणघातक असून त्यांवर पहिला उपाय एकच : विलंब न लावता खाली उतरणे. प्राणवायूची छोटी नळकांडी काही मिनिटांचा दिलासा देतात; ती उतरण्याला पर्याय नव्हेत.

3,000 मीटरांच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा सर्वमान्य वैद्यकीय संकेत आहे. या कसोटीवर सरचूचा लोकप्रिय मुक्काम उतरत नाही. जिस्पा ते सरचू हीच उडी हजार मीटरांहून अधिक आहे, आणि अटल बोगद्यामुळे आता मनालीहून एका दिवसात सरचू गाठणे शक्य झाल्याने ती दोन हजारांहूनही मोठी होऊ शकते. रस्ता सुकर झाला, शरीराची गती मात्र तीच राहिली. त्यातही सरचूची जागा अशी आहे की एका बाजूला बारालाचा ला आणि दुसऱ्या बाजूला नकी ला व लाचुंग ला. तेथे रात्री आजारी पडलेल्याला खाली नेण्यासाठीसुद्धा आधी वर चढवावे लागते. पांगची स्थिती तशीच आहे. तेथे लष्कराच्या छावणीत अडलेल्या प्रवाशांना प्राथमिक वैद्यकीय मदत मिळते, हा एक आधार.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला : मनालीत दोन आणि जिस्पा वा केलाँग येथे किमान दोन रात्री राहून, मधल्या दिवशी बारालाचाच्या दिशेने वर जाऊन पुन्हा खाली झोपायला येणे आणि मग पहाटे निघून सुमारे 330 किलोमीटरांचा उर्वरित रस्ता शक्यतो एका दिवसात पार करणे. हा दिवस दीर्घ व थकवणारा असतो. हवामान बिघडले तर तो पुढे ढकलण्याची तयारी हवी. दुसरा, अधिक सौम्य मार्ग म्हणजे श्रीनगरहून जाणे. झोजी ला (3,528 मीटर) ओलांडून कारगिल (सुमारे 2,680 मीटर) येथे मुक्काम, मग फोतू ला (4,108 मीटर) मार्गे लेह. या वाटेने लेह गाठून, तेथे शरीर रुळल्यानंतर मनालीमार्गे परतणे हा क्रम पुष्कळ अनुभवी ताफे पसंत करतात.

ॲसिटाझोलामाइड हे औषध उंचीशी जुळवून घेण्यास साहाय्य करते, परंतु ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तसे आधीच सांगावे. हृदयविकार, दमा वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य कराव्यात. रोज संध्याकाळी ताफ्यातील प्रत्येकाला डोकेदुखी, भूक आणि झोप यांविषयी स्पष्टपणे विचारावे. चेष्टेच्या भयाने लक्षणे लपवली जातात. म्हणून आजारी वाटते हे सांगण्यात कमीपणा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे.

गाडी, इंधन आणि कागदपत्रे

विरळ हवेत इंजिनाचीही शक्ती घटते. इंधन अंतःक्षेपण असलेल्या नव्या गाड्या मिश्रण आपोआप जुळवून घेतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या अडखळतात, अधिक पेट्रोल पितात. ब्रेकचे पॅड, टायर, साखळी आणि क्लचची तार निघण्यापूर्वी तपासावी. पंक्चर काढण्याचे साहित्य, हवेचा पंप, क्लचची जादा तार आणि इंजिन ऑइल सोबत असावे. तांदीच्या पेट्रोल पंपापाशी पुढचा पंप 365 किलोमीटरांवर असल्याचे सांगणारा फलक प्रसिद्ध आहे. टाकी पूर्ण भरूनही प्रत्येकाने सुमारे पाच लिटर पेट्रोल मजबूत डब्यात जवळ ठेवणे शहाणपणाचे.

मार्ग साधारणपणे मे ते ऑक्टोबर या काळात खुला असतो. बर्फ हटवण्याच्या कामानुसार तारखा दरवर्षी बदलतात. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला दरडी कोसळतात. सप्टेंबर तुलनेने स्वच्छ, पण रात्री कडाक्याच्या थंडीचा. लडाखमध्ये अन्य राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड चालत नाही, पोस्टपेड घ्यावे. लेहहून नुब्रा, पँगाँग या सीमावर्ती भागांत जाण्यासाठीचे परवाने व शुल्क यांचे नियम बदलत असतात. ते लेहच्या प्रशासनाकडून ताजे पडताळावेत. लडाखबाहेर भाड्याने घेतलेल्या मोटारसायकली या स्थळांकडे नेण्यास स्थानिक व्यावसायिकांचा विरोध असतो आणि त्या अडवल्या जातात. गाडी स्वतःच्या नावावर असावी किंवा लेहमध्ये तेथील गाडी भाड्याने घ्यावी.

गोव्यातून निघताना

मडगाव ते चंदीगड धावणाऱ्या गोवा संपर्क क्रांती एक्स्प्रेसमुळे येथील स्वारांना पायथ्याजवळ पोहोचणे सोयीचे झाले आहे. मोटारसायकल रेल्वे पार्सलने पाठवताना पेट्रोलची टाकी रिकामी करावी लागते. नोंदणी प्रमाणपत्र आणि ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात व वेष्टन पक्के असावे लागते. गाडी आणि स्वार एकाच दिवशी पोहोचतील याची शाश्वती नसल्याने हाती एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. चंदीगडहून मनाली सुमारे 300 किलोमीटर आहे.

समुद्रकाठी वाढलेल्या शरीराला उंचीची सवय नसते; मात्र डोंगरात वाढलेल्या तरण्याताठ्या स्वारालाही हा आजार गाठू शकतो. वय, व्यायाम वा गाडी चालवण्याचा अनुभव यांतील काहीही त्यापासून अभय देत नाही. विमानाने थेट लेहला उतरून तेथून सफर सुरू करणाऱ्यांनी तर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. खार्दुंग लाचे आकर्षण तोवर दूर ठेवावे.

उपशीचा पूल ओलांडून सिंधूच्या काठाने लेहकडे जाताना रस्ता पुन्हा सपाट होतो आणि पुढे गेलेल्यांना लवकर पोहोचण्याची घाई लागते. जाणते ताफे मात्र कारूपाशी थांबतात. तेथे पेट्रोल मिळते, चहा मिळतो आणि मागून येणारी मदतगाडी दिसेपर्यंत वेळ मिळतो. निघताना जितकी माणसे मोजली होती तितकीच तेथे भरली, तरच मग शेवटचे पस्तीस किलोमीटर एकत्र कापले जातात.